तत्त्व माझं, गुडघे आईचे

सहा माणसं, नऊ दिवस, तीन शहरं, एक डोंगर आणि एकही कार नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलेला बेत एवढाच होता. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं चेन्नई. तिथे एक दिवस काढून रात्री नीलगिरी एक्स्प्रेस. ती सकाळी सहाच्या सुमाराला मेट्टुपालयमला सोडते आणि सातनंतर तिथूनच उटीची छोटी गाडी निघते. परतताना उटी ते म्हैसूर बस, म्हैसूरहून बंगळूर रेल्वेनं आणि तिथून उद्यान एक्स्प्रेसनं पुणे. मे महिन्यात चेन्नई हे वाचून वहिनीनं केलेला चेहरा हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

आक्षेप दोन आले. बाबा म्हणाले, "दारात गाडी उभी असताना?" आणि आईनं विचारलं, "त्या स्टेशनांवर पुलाला लिफ्ट असते का गं?"

बाबांसाठी माझ्याकडे उत्तरं होती. डिझेल, घाटातली कोंडी, अकराशे किलोमीटर ड्रायव्हिंग, सगळं पाठ होतं. आईचा प्रश्न मात्र साधा चौकशीचा असूनही सगळ्या बेताच्या मुळाशी जाणारा होता. कार नको हे तत्त्व माझं, पण पुलाच्या पायऱ्या चढायच्या आहेत तिच्या गुडघ्यांनी. चार वर्षांच्या भाचीला मध्यरात्री झोपेतून उठवून फलाटावर उतरवायचं वहिनीनं. बॅगा उचलायच्या दादानं. एखादं तत्त्व पाळायची किंमत दुसरंच कुणी मोजणार असेल, तर ते तत्त्व माझं कसं?

हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. जुन्या घरांत आजोबांचं सोवळं कडक असायचं आणि ओल्या लुगड्यानं स्वयंपाक आजी करायची. पुण्य कुणाच्या खात्यात जमा व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. आता त्या सोवळ्याला आपण हसतो. पण "आम्ही घरात प्लास्टिक वापरत नाही" असं अभिमानानं सांगणाऱ्या घरात डबे घासायला कोण असतं, हे बघितलं तर फार हसू येत नाही.

बाबांच्या आक्षेपातही नुसता हट्ट नव्हता. त्यांची निम्मी नोकरी बदलीच्या गावांत गेली. शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून घरी यायचं आणि सोमवारी पहाटेची पकडून परत जायचं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हे त्यांचं कौशल्य होतं. रिटायर व्हायच्या आधी दोन वर्षं त्यांनी गाडी घेतली. आजही ते तिच्यावरचं कव्हर रोज सकाळी काढतात आणि रोज संध्याकाळी घालतात. माझ्या लहानपणी आम्ही कुठेही गेलो तरी कारविनाच जायचो, पण त्याला 'कार-फ्री' असं कुणी म्हणत नव्हतं. त्याला गावाला जाणं म्हणत. कारचा त्याग करायला आधी कार असावी लागते. एका पिढीनं धक्के खाऊन मिळवलेली सोय पुढच्या पिढीनं नैतिक मुद्दा म्हणून खाली ठेवायला सांगितली, तर मागच्या पिढीला त्यात आपल्या आयुष्यावरचा शेरा ऐकू येणारच.

मग कारनंच का जाऊ नये? इथे मी अडते. कारची किंमतही दुसरं कुणीतरी मोजतंच, फक्त ते आपल्या ग्रुपवर नसतं.

सर्वांत जवळचा माणूस म्हणजे ड्रायव्हर. बाबांनी अकराशे किलोमीटर चालवू नये यावर घरात एकमत होतं, त्यामुळे दादाचा पर्याय होता सात-सीटर भाड्यानं घेण्याचा, ड्रायव्हरसकट. अशा ट्रिप आपण सगळ्यांनीच केल्यात. आपण हॉटेलात शिरतो तेव्हा तो माणूस गाडी पार्किंगला लावतो आणि बहुतेक वेळा सीट मागे टाकून तिथेच झोपतो. काही हॉटेलांत ड्रायव्हरांसाठी खोली असते. ती कशी असते हे बघायला आपण जात नाही. सकाळी मात्र आपली अपेक्षा असते की त्यानं आंघोळ करून, ताजंतवानं होऊन घाट चढवावा. आईचे गुडघे मला दिसतात, कारण ती माझी आई आहे. त्याची पाठ दिसत नाही.

त्यानंतर येतो तो डोंगर. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांसाठी ई-पास सुरू झाला. २०२५च्या उन्हाळ्यात तर आकडाच ठरवून दिला. नीलगिरीत एरवी दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्या. स्थानिकांची वाहनं आणि सार्वजनिक बस यातून वगळल्या. कारण सरळ आहे: अरुंद घाट, मर्यादित पाणी, आणि अँब्युलन्सलाही त्याच रांगेत उभं राहावं लागणं. मला हा आकडा पर्यावरणावरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त विचार करायला लावतो.

कारण एरवी माझ्या एका कारनं जगाचं काय बिघडतं, याला उत्तर देणं खरंच अवघड आहे. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकन तत्त्वज्ञानं २००५ साली एक निबंध लिहिला. त्यातला प्रश्न असा की रविवारी दुपारी निव्वळ मजा म्हणून भरपूर पेट्रोल पिणारी गाडी फिरवून आणणं नैतिकदृष्ट्या चूक आहे का? त्यानं एकेक नैतिक तत्त्व घेऊन तपासलं आणि निष्कर्ष काढला की ते चूक ठरवणारं पटण्यासारखं तत्त्व सापडत नाही. त्या एका फेरीनं कुठेही पूर येत नाही, कुठेही दुष्काळ पडत नाही. हवामानबदलाची जबाबदारी सरकारांची. माणसाचं काम आहे सरकारला ते करायला लावणं. हा युक्तिवाद मला आवडत नाही, पण त्यात बग सापडत नाही. आमच्या कामात अशा कोडला आपण गुपचूप मान्यता देतो.

पण हा युक्तिवाद हवेचा आहे. हवेत माझी कार विरघळून जाते. घाटात ती विरघळत नाही, तिथे तिची मोजणी होते. सहा हजारांतली एक मी घेतली की सहा हजार एकावा कुणीतरी त्या दिवशी खाली राहिला. शिवाय पास मिळाला म्हणून गाडीचं आकारमान कमी होत नाही. तिथल्या शाळेच्या बसपुढे ती तेवढीच जागा अडवते. 'माझ्या एकट्यानं काय होतं' हे वाक्य जिथे मोजमाप नाही तिथेच चालतं.

आता एवढं बोलून झाल्यावर रेल्वेला सोवळं नेसवायचा मोह होतो. तोही आवरायला हवा. गांधींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेवरच टीका केली होती. रेल्वेमुळे प्लेग पसरला, धान्य महाग बाजाराकडे वाहून गेलं आणि दुष्काळ वाढले, असं त्यांचं म्हणणं. पुढे याच माणसानं तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पालथा घातला. आणि उटीची गाडी तरी कुणासाठी बांधली? उटी ही मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी. साहेबांना उकाड्यातून वर नेण्यासाठी १८९९मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८मध्ये उटीपर्यंत रूळ गेले. त्या पठारावर आधी तोडा लोक म्हशी चारत होते. म्हणजे डोंगर गर्दीला खुला करण्यात कारच्या आधी रेल्वेचा हात आहे.

तरीही त्या गाडीबद्दल लिहिताना मी तटस्थ राहू शकत नाही. ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास. कल्लार ते कुन्नूर चढ इतका उभा, साधारण बारा मीटरला एक मीटर, की नुसत्या रुळांवर चाकं घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकून एकेक दात वर सरकतं. इंजिन मागून ढकलतं. शंभरहून जास्त वर्षं जुनं हे यंत्र अजून रोज चढतं आणि पावसाळ्यात दरड कोसळली की निमूट बंद राहतं. बस हेच अंतर दोन-अडीच तासांत कापते, हे बाबांनी लगेच शोधून काढलं.

वेगाचा हिशेब कसा करायचा यावर इव्हान इलिचनं १९७४मध्ये एक खोडकर गणित मांडलं होतं. सरासरी अमेरिकन पुरुष गाडी चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिचे हप्ते, विमा, पेट्रोल यांचे पैसे कमावण्यात वर्षाला १,६०० तास घालवतो आणि जातो ७,५०० मैल. म्हणजे ताशी पाच मैलांपेक्षाही कमी, सायकल बरी. मी बाबांना हे सांगितलं नाही. रोज कव्हर काढण्या-घालण्याचे तास त्यात धरायचे का, हा प्रश्न तोंडातून निसटला असता.

मुद्दा परत आईकडे येतो, कारण तिनं दोन दिवसांनी ग्रुपवर एकच शब्द लिहिला: "चालेल."

मराठीतला हा फार धोकादायक शब्द आहे. त्याला होकार समजून आपली घरं पिढ्यान् पिढ्या चालली आहेत. तिला चालेल म्हणजे तिला हवं आहे असं नाही, आणि गुडघे चालतील असं तर मुळीच नाही. म्हणून मी तिला फोन करून नेमकं विचारलं, तुला कशाची भीती वाटते? पूल हे उत्तर मला अपेक्षित होतं. ती म्हणाली, पाणी. प्रवासात ती पाणीच पीत नाही. एसटीच्या काळापासूनची सवय, म्हणजे मध्ये कुठे जावं लागत नाही. कारनं जातानाही पीत नाही, कारण पुढचा बरा पेट्रोल पंप कधी येईल याचा भरवसा नाही, आणि फक्त तिच्यासाठी गाडी थांबवायला सांगणं तिला जड जातं. "रेल्वेत निदान कुणाला सांगावं लागत नाही," ती म्हणाली. "फक्त कमोडवाला डबा बघ."

माझ्या स्प्रेडशीटमध्ये कार्बनचा कॉलम होता. हा कॉलम नव्हता.

आता बेत बदलतो आहे. चेन्नईत स्टेशन ते हॉटेल टॅक्सी घ्यायची, यावर मी वाद घातला नाही. फलाटावरून उतरून तीन बॅगा आणि भाची घेऊन सिटी बस शोधणं हा तत्त्वाचा नव्हे, अहंकाराचा भाग झाला असता. आईसाठी खालचा बर्थ मागायचा. ४५ वर्षांवरच्या बायकांना तो शिल्लक असेल तर सिस्टिम आपोआप देते, नसेल तर नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे बाबा दर बुकिंगला नव्यानं ऐकल्यासारखं ऐकतात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. छोट्या गाडीच्या जागा मोजक्या, म्हणजे तिथेही आमच्या सहा जागांमुळे कुणीतरी सहाजण वेटिंगवर जाणार, आणि त्या सहांकडे माझ्यासारखं वेगवान इंटरनेट असेलच असं नाही. फॉर्म आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहायला मला अर्धा तास लागेल. ती लिहायची नाही एवढं मी ठरवलंय. बोटं जेवढी चालतील तेवढी चालतील.

बाबांनी जाण्याचा प्रवास मान्य केलाय, पण उटी ते म्हैसूर बसनं जायला ते तयार नाहीत. तो रस्ता बंडीपूरच्या जंगलातून जातो, रात्री नऊ ते सकाळी सहा जनावरांसाठी बंद असतो, आणि त्यांना तिथे थांबत थांबत जायचंय. जंगलात थांबायची परवानगी नसते हे त्यांना सांगून झालं. दादा म्हणतो तेवढ्यापुरती गाडी करू. मी म्हटलं, करू, पण ड्रायव्हर आदल्या रात्री उटीला मुक्कामी येणार असेल तर सातवी खोली त्याची. यावर "आपल्या सहा खोल्या कधी ठरल्या?" असं वहिनीनं विचारलंय. खोल्या तीनच आहेत. चौथीचे पैसे कुणी द्यायचे, यावर ग्रुपवर काल रात्रीपासून कुणी काही लिहिलेलं नाही.