तोंड कुणाचं?

दोन वेळचं जेवण, धुतलेली चादर, वेळेवर गोळ्या. म्हातारीला आणखी काय पाहिजे, असं विचारणारे पुष्कळ. तिला बोलायचं असतं, हे त्यांच्या हिशेबातच नाही.

अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होमसाठी केंद्राचा कायदा झाला. तिथं राहणाऱ्यांना आपलं मंडळ करून बसता येतं, नातेवाइकांनाही वेगळं बसता येतं, आणि त्यांचं गाऱ्हाणं संस्थेला कानाआड करता येत नाही. पण ज्यांना असिस्टेड लिव्हिंग म्हणतात, जिथं आंघोळीला, कपड्याला, गोळ्यांना हात देतात, ती घरं ह्या कायद्यात बसत नाहीत. तिथं ज्या त्या राज्याचा नियम. माणूस तोच, दुखणारी कंबर तीच, दार बदललं की हक्क बदलला! ही कसली नीती?

बरं, तक्रार करायची कुणाची? सकाळी जो न्हाऊ घालतो त्याचीच. रात्री घंटी वाजवली आणि कुणी आलंच नाही तर? ह्या भीतीपुढं कागदावरचा हक्क लुळा पडतो. म्हणून एकट्याचं तोंड पुरत नाही, मंडळ लागतं. आणि पोराचं बोलणं म्हणजे आईचं बोलणं नव्हे. पोराला एवढंच पाहिजे की ती पडू नये. तिला अंगणात एकटीनं जायचं असतं.

राहिल्या गू-मूत काढणाऱ्या बाया. तिथंही त्यांत काळ्या आणि परदेशातून आलेल्या पुष्कळ, पगार तुटपुंजा. मंडळाचा पहिला ठराव त्यांनाच हाकलायचा निघाला तर मालक गालात हसेल. रात्रपाळीला दोघींच्या जागी एकच कुणी ठेवली, हे त्या बैठकीत विचारलं पाहिजे, आणि विचारताना ती बाईही तिथं बसलेली पाहिजे.