गंज आणि झीज

वस्तूची शक्ती, म्हणजे कार्य घडवण्याची तिची पात्रता, वस्तूहून वेगळी असते की वस्तूचे स्वरूप हीच तिची शक्ती, हा भारतीय दर्शनांतला एक जुना आणि चिवट वाद आहे. अग्नी जाळतो हे सर्वांना दिसते. परंतु विशिष्ट मणी जवळ ठेवला असता तोच अग्नी जाळीनासा होतो, असे उदाहरण घेऊन मीमांसक म्हणतात की अग्नीचे रूप जसेच्या तसे असताना दाह होत नाही, त्या अर्थी जे नाहीसे झाले ते डोळ्यांना न दिसणारे काहीतरी होते, आणि तीच शक्ती. नैयायिकांना हा वेगळा पदार्थ मान्य नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत मांडलेल्या उत्तराचा आशय असा की, दाहाच्या कारणसामग्रीत अग्नी आणि इंधन यांच्याबरोबर प्रतिबंधकाचा, म्हणजे आड येणाऱ्या गोष्टीचा, अभावही मोडतो. मणी आला की तो अभाव जातो, सामग्री अपुरी पडते आणि दाह थांबतो, पण अग्नीतून काही निघून गेलेले नसते. असा मणी कोणी पाहिला होता की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चालेल, कारण गंजून अडकलेला स्क्रू कोणालाही पाहता येतो, आणि वापरलेल्या लोहारी व्हाइसची किंमत ठरवताना नेमका हाच वाद उभा राहतो.

लोहारकामाचा व्हाइस मेजावरच्या साध्या व्हाइसपेक्षा वेगळा असतो. त्याच्या मागच्या जबड्याचा पाय थेट जमिनीपर्यंत जातो, त्यामुळे तापलेले लोखंड जबड्यात धरून घणाने ठोकले तरी आघात मेजावर न राहता जमिनीत उतरतो. बिडाचा व्हाइस अशा ठोकपिटीने तडकण्याची भीती असते, घडीव लोखंडाचा हा व्हाइस मात्र ती पिढ्यानुपिढ्या सोसतो. पुढचा जबडा खाली बिजागरीसारखा खिळवलेला असून दोन्हींमधली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, त्याला बाहेर रेटते, आणि चौकोनी आट्यांचा जाड स्क्रू मागच्या नळीतल्या आट्यांत फिरून त्याला आत ओढतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅमच्या आसपासच्या लोहउद्योगाच्या पट्ट्यात, असे व्हाइस मोठ्या संख्येने घडवले गेले आणि पुष्कळसे अमेरिकेतही पोचले. तिथल्या शेतांवरच्या कोठारांतून आणि बंद पडलेल्या कारखान्यांतून ते आजही विक्रीला निघतात. भाव बहुधा वजनावर किंवा जबड्याच्या रुंदीवर सांगितला जातो, आणि 4 ते 6 इंचांचे जबडे सर्रास आढळतात. एखाद्यावर डडलीच्या पीटर राइटचा शिक्का असला की भाव चढतो, परंतु शिक्क्याने पकड घट्ट होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने जोड्याचे उदाहरण घेऊन वस्तूचे दोन उपयोग सांगितले, एक पायात घालण्याचा आणि दुसरा बदल्यात देण्याचा. शिक्क्याची किंमत या दुसऱ्या खात्यात जमा होते, म्हणून तिचा विचार इथे लांबवण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न पहिल्या खात्याचा आहे. विक्रेत्याच्या अंगणात पडलेला व्हाइस त्या क्षणी काहीच धरत नसतो, म्हणून ग्राहकाला त्याची शक्ती प्रत्यक्ष दिसत नाही, तिचे अनुमान करावे लागते. न्यायशास्त्रात ज्या खुणेवरून अनुमान होते तिला लिंग म्हणतात, आणि जाणत्या लोहाराची लिंगे ठरलेली असतात. तो व्हाइस अर्धा उघडतो, दांडा धरून स्क्रू न फिरवता आत-बाहेर ओढतो आणि किती ढिलाई जाणवते ते पाहतो. मग स्क्रू पूर्ण बाहेर काढून चिंधीने पुसतो. धड आट्याचा माथा सपाट असतो आणि त्याची जाडी दोन आट्यांमधल्या खाचेइतकी भरते; झिजलेला आटा पातळ होत होत सुरीच्या धारेसारखा निमुळता झालेला असतो. सगळ्या आट्यांवर सारखा भार पडलेला नसल्यामुळे स्क्रूचे एक टोक दुसऱ्याशी ताडून पाहिले की किती धातू गेला हे नखालाही कळते. नळीच्या आतले आटे दिसत नाहीत, तिथे बोट घालून चाचपावे लागते.

नवख्याचे अनुमान चुकते ते हेत्वाभासामुळे, म्हणजे जे लिंगासारखे दिसते पण साध्य सिद्ध करत नाही अशा खुणेमुळे. जबडे मिटल्यावर वर टेकतात आणि खाली फट राहते, हे पाहून तो व्हाइस वाकडा ठरवतो. परंतु पुढचा जबडा खालच्या खिळ्याभोवती कमानीत फिरत असल्यामुळे दोन्ही जबडे एकाच कोणत्यातरी अंतरावर समांतर येऊ शकतात, आणि ते अंतर घडणाऱ्याने मुद्दाम थोडे मोठे ठेवलेले असू शकते. उलट ताजा काळा रंग पाहून तो भुलतो. रंग चांगल्या व्हाइसवरही असतो आणि निकामी व्हाइसवरही, म्हणून तो अनैकांतिक हेतू, म्हणजे दोन्हीकडे आढळणारी आणि म्हणून काहीच न ठरवणारी खूण होय.

आता स्क्रू मुळीच फिरत नसेल तर काय? विक्रेता असा व्हाइस पुष्कळदा भंगाराच्या भावाने देऊन टाकतो, कारण त्याच्या लेखी जे चालत नाही ते मेलेले असते. नैयायिकाच्या भाषेत ही प्रतिबंधकाला स्वरूपनाश समजण्याची चूक आहे. गंज हा मण्यासारखा आहे: आठवडाभर तेलात भिजवून, थोडा शेक देऊन आणि हलक्या हाताने ठोकून तो सुटला की स्क्रू पूर्वीसारखाच फिरतो. झीज तशी नाही. गेलेला धातू तेलाने परत येत नाही. मात्र ही सुबक विभागणी फार ताणता येत नाही. गंज म्हणजे लोखंडच खाल्ले गेलेले असते, त्यामुळे वरवरचा गंज प्रतिबंधक असला तरी खोलवर खड्डे पाडणारा गंज ही झीजच होय. शिवाय तो स्क्रूला अडवतो तसाच परीक्षेलाही अडवतो, कारण आटे पाहायला मिळत नाहीत. उदयनाचार्यांच्या मण्याला हा गुण नव्हता. तो अग्नीला रोखत असे, खात नसे.

बौद्धांनी या ठिकाणी आणखी कठोर भूमिका घेतली असती. धर्मकीर्तीच्या मते जे अर्थक्रियेला, म्हणजे काही कार्य करण्याला, समर्थ तेच सत्. आणि त्याच्या परंपरेने पुढे असे प्रतिपादन केले की कोठारातले बीज आणि अंकुर फोडणाऱ्या क्षणीचे बीज ही एकच वस्तू नव्हे, समर्थ आहे ते दुसरेच. हे खरे धरले तर कोपऱ्यात पडलेल्या व्हाइससाठी कोणी पैसे मोजलेच नसते. बाजार नैयायिकाच्या बाजूचा आहे. परंतु जुन्या व्हाइसच्या सौद्यात जी धाकधूक उरते, घरी नेऊन पहिला तुकडा आवळेपर्यंत जी शमत नाही, तिच्यात बौद्धांचाही वाटा मान्य करावा लागतो.

दुरुस्तीबाबत शांकरभाष्यातला एक भेद उपयोगी पडतो. मोक्ष हा संस्काराचा विषय नाही हे दाखवताना शंकराचार्य संस्काराचे दोन प्रकार सांगतात, एक गुणाधान, म्हणजे नवा गुण घालणे, आणि दुसरा दोषापनयन, म्हणजे दोष काढणे. आरसा घासल्याने उजळतो तसा आत्मा उजळत असेल, हा पक्षही ते तिथे नाकारतात. आत्म्याच्या बाबतीत काहीही असो, व्हाइसला दोन्ही संस्कार लागू पडतात. गंज काढणे हे दोषापनयन. स्प्रिंग आणि मेजाला जखडणारी पट्टी हरवलेल्या असल्या तर त्या कोणताही लोहार घडवून घेतो, म्हणून त्यांच्या अभावी भाव फारसा पडत नाही. नळीचे आटे गेले तर मात्र गुणाधानच करावे लागते. पुष्कळ जुन्या व्हाइसांमध्ये हे आटे मुळातच वेगळे असत: लोखंडी पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळून नळीत बसवली जाई आणि वितळलेल्या पितळेने जोडली जाई, त्यामुळे पितळ वितळवून नवी पट्टी घालणारा कारागीर पहिल्याच कारागिराचे काम पुन्हा करत असतो. नळीच्या तोंडाशी असे ताजे पितळ चमकताना दिसले की एक ग्राहक मूळपणा गेला म्हणून भाव निम्म्यावर आणतो, आणि दुसरा स्क्रू दोनदा फिरवून पाहून मागितलेली किंमत मुकाट्याने देतो.