परदेशातला दंड आणि घरची सदसद्विवेकबुद्धी

पूर्वी आपली माणसे रोमला जात ती यात्रा कंपनीच्या बसने. बसचालक इटालियन, मार्गदर्शक इटालियन, आणि आपण मागे बसून रोझरी म्हणणारे. आता तरुण मंडळी स्वतः गाडी चालवतात. आरटीओतून एक वर्षाच्या मुदतीचे आंतरराष्ट्रीय परमिट काढायचे, इथले लायसन्स सोबत घ्यायचे, विमानतळावर मोटार भाड्याने घ्यायची आणि असिसी, फ्लॉरेन्स, पदुआ करीत फिरायचे. २०२५ च्या जुबिली वर्षातही काही कुटुंबे अशीच जाऊन आली. यात गैर काहीच नाही. म्हातारे आईवडील बरोबर असतील तर ते सोयीचेही पडते.

पण परत आल्यावर काही महिन्यांनी एक गोष्ट घडते. आधी क्रेडिट कार्डातून तीस-चाळीस युरो वळते होतात. घरचे म्हणतात, बारीकसा दंड झाला, संपले. प्रत्यक्षात तो दंड नसतोच. मोटार भाड्याने देणाऱ्या कंपनीने तुमचे नाव व पत्ता तिकडच्या नगरपालिकेच्या पोलिसांना कळवला, त्या कामाचा तो आकार असतो. खरा दंड पुढे टपालाने, जाड पाकिटातून येतो. आणि मग रविवारच्या मिस्सानंतर व्हरांड्यात आम्हाला प्रश्न येतो, "फादर, हे भरायलाच पाहिजे का? तिकडचे पोलीस काय इथे येणार आहेत?"

प्रश्न हसत विचारला जातो, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला ज्यावर आठवडे घालवले, तोच हा प्रश्न. म्हणून एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

आधी दंड कशाचा ते पाहू. बहुतेक पाकिटे एकाच कारणाने येतात. इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी 'मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र' असते. तिकडे त्याला 'झेडटीएल' म्हणतात. प्रवेशावर पांढरी गोल पाटी, तिला लाल कडा, खाली वेळा लिहिलेल्या. काही शहरांत 'वार्को अत्तीव्हो' अशी अक्षरे दिव्यांनी उजळतात, म्हणजे कॅमेरा चालू आहे, परवानगी नसेल तर आत येऊ नका. आपल्या माणसाला वाटते, 'अत्तीव्हो' म्हणजे रस्ता चालू! तो आत शिरतो, कॅमेरा नंबर टिपतो. शिट्टी नाही, हवालदार नाही, कोणी हात दाखवत नाही. दंडाची किमान रक्कम ऐंशी युरोंच्या घरात असते, वर टपाल व कामकाजाचा खर्च. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेलात तर दुसरे पाकीट.

ही बंधने उगीच नाहीत. फ्लॉरेन्सचा जुना भाग १९८२ पासून जागतिक वारसा आहे. गल्ल्या घोडागाडीच्या काळातल्या, आणि त्यांत आजही माणसे राहतात. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंना रुग्णवाहिका लागली तर ती पर्यटकांच्या गाड्यांत अडकू नये, एवढी साधी अपेक्षा त्यामागे आहे.

आता कायद्याची बाजू. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटालियन कायदा ३६० दिवस देतो, म्हणून पाकीट इतके उशिरा येते. मिळाल्यापासून पाच दिवसांत भरले तर रकमेत तीस टक्के सूट, नाहीतर साठ दिवसांची मुदत. त्यानंतर रक्कम वाढते. पण न भरल्यास ती भारतात वसूल कशी होणार? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४अ कलमाने काही ठरावीक देशांतील न्यायालयांचे हुकूमनामे इथे अमलात आणता येतात, पण त्याच कलमात कर, दंड आणि शिक्षेच्या रकमा स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे आपला भाविक म्हणतो ते व्यवहारात बरेचसे खरे आहे. कोणी येणार नाही. पुन्हा तिकडे गेल्यास अडचण होऊ शकते, पण तेही बाजूला ठेवू. कधीच जाणार नाही असे धरू. मग?

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथात ग्लॉकोन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. पुढे त्याने काय काय केले ते प्लेटोकडूनच वाचावे. ग्लॉकोनचा मुद्दा एवढाच की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन सारखेच वागतील, कारण माणूस नीट वागतो तो पकडला जाण्याच्या भीतीने. सॉक्रेटिसला उरलेला सगळा ग्रंथ या एका मुद्द्याला उत्तर देण्यात घालवावा लागला.

ही अंगठी न्यूयॉर्कमध्ये खरोखर अस्तित्वात होती. संयुक्त राष्ट्रसंघात काम करणाऱ्या परदेशी राजदूतांना व अधिकाऱ्यांना राजनैतिक संरक्षण असते, त्यांच्याकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या दंडाच्या दीड लाखाहून अधिक पावत्या थकल्या, रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर. फिस्मन आणि मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी देशवार हिशेब मांडून २००७ मध्ये प्रसिद्ध केला. काही देशांच्या अधिकाऱ्यांनी माणशी शेकड्यांनी पावत्या थकवल्या होत्या. नॉर्वे, स्वीडन, जपान, कॅनडा यांची थकबाकी शून्य. संरक्षण सर्वांना सारखेच होते. २००२ च्या अखेरीस शहराला अशा गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि नियमभंग एकदम खाली आले. म्हणजे ग्लॉकोन बऱ्याच जणांच्या बाबतीत बरोबर ठरला, पण सर्वांच्या नाही. ते शून्य आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

एका शिकलेल्या गृहस्थांनी आम्हाला वेगळाच युक्तिवाद ऐकवला. ते म्हणाले, "आम्ही तिथे चार दिवसांचे पाहुणे. तिथल्या नगरपालिकेला ना आम्ही मत दिले, ना कर दिला. तिचा नियम आम्हाला बांधील कसा?" युक्तिवाद पोकळ नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेत तेराव्या कलमात प्रवाशाचा विचार आहे, आणि सर्वसाधारणपणे तो जिथे तात्पुरता आहे तिथल्या स्थानिक नियमांनी बांधलेला नसतो असेच ते कलम म्हणते. पण त्यातले अपवादही वाचावे लागतात, आणि त्यांत सार्वजनिक सुव्यवस्थेचे नियम आहेत. हे कलम चर्चच्या नियमांपुरते आहे, वाहतुकीचे नाही, तरी त्यातले तारतम्य इथे उपयोगी पडते. रस्त्यावरची व्यवस्था ही पाहुण्यालाही पाळावीच लागते, कारण पाहुण्याच्या चाकाखालीही माणूस तितकाच चिरडतो.

संत मोनिका मिलानला आली तेव्हा तिलाही असाच पेच पडला होता. आपल्या गावच्या रीतीप्रमाणे शनिवारी उपवास करावा की मिलानच्या रीतीप्रमाणे करू नये? संत अगस्तीनने आईसाठी बिशप अँब्रोज यांना विचारले. त्यांचे उत्तर असे की आपण रोममध्ये असलो की शनिवारी उपवास करतो, मिलानमध्ये असलो की करत नाही. ज्या गावी जाल तिथली रीत पाळा. हे उपवासाला लागू, तर रहदारीला का नाही?

आणि संमतीचेच म्हणाल तर सॉक्रेटिसची आठवण होते. इ. स. पूर्व ३९९ मध्ये तो तुरुंगात होता. मित्र क्रितो पळून जाण्याची सोय करून आला. सॉक्रेटिस म्हणाला की जन्मभर या शहरात राहिलो, म्हणजेच इथले कायदे मान्य केले, आता पाठ कशी फिरवू? त्याने कोणत्याही कागदावर सही केली नव्हती. आपला प्रवासी मात्र विमानतळाच्या काउंटरवर करारनामा सही करतो, त्यात दंडाची जबाबदारी स्वतःवर घेतो, तेव्हाच मोटारीची किल्ली हातात पडते. न वाचता केलेली सही सहीच असते.

खरी पळवाट मात्र आमच्याच शास्त्रात आहे, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नीतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत 'निव्वळ दंडात्मक कायदा' अशी एक कल्पना आहे. डॉमिनिकन संघाने १२३६ मध्ये ठरवले की आपल्या संघाचे नियम मोडल्यास पाप लागणार नाही, शिक्षा मात्र भोगावी लागेल. पुढे पंडितांनी ही कल्पना राज्याच्या काही कायद्यांनाही लावली. फ्रान्सिस्को सुआरेझ या जेझुइट तत्त्वज्ञाने १६१२ च्या आपल्या कायद्यावरील ग्रंथात ती उचलून धरली. मग जकात, वनाचे नियम, अगदी वाहतुकीचे नियमही या खात्यात जमा होऊ लागले. 'पकडलो तर दंड भरू, नाही पकडलो तर देव रागावणार नाही' हा भाव त्यातूनच आला.

आम्हाला ही कल्पना वाहतुकीला लावणे कधीच पटले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये 'गाउदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात वेगमर्यादेचा चक्क उल्लेख करून, असे नियम क्षुल्लक मानणारे स्वतःच्या व इतरांच्या जिवाशी खेळतात असे बजावले. पण वादापुरती ती जुनी सवलत मान्य करू. ती काय सांगते? नियम पाळा, किंवा दंड भरा. दोन्हीपैकी एक. नियमही मोडायचा आणि ठोठावलेला दंडही बुडवायचा, ही तिसरी वाट अगदी सैल पंडितांनीही कोणाला दिली नाही. म्हणजे पाकीट कपाटात टाकून देणाऱ्याला त्या पळवाटेतही जागा नाही.

"पण पाटी कळलीच नाही हो, मुद्दाम कुठे केले?" हे मात्र आम्ही पूर्ण मान्य करतो. न कळत झालेल्या गोष्टीत पाप नाही, त्याचे पापनिवेदन करायचीही गरज नाही. आठवे बोनिफास पोप यांच्या १२९८ च्या कायदेसंग्रहात एक सूत्र आहे की दोष नसताना कोणाला शिक्षा होऊ नये, मात्र तसे काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. हे 'कारण' इथे आहे. परक्या गावात पाट्या समजून घेण्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याने उचललेली असते. आपल्या मुलाच्या चेंडूने शेजाऱ्याची काच फुटली तर मुलाने पाप केले असे आपण म्हणत नाही, काच मात्र बसवून देतो.

आणखी एक तक्रार ऐकू येते. हे कॅमेरे म्हणजे पालिकांची दुभती गाय आहे. असेलही! तिकडच्या नागरिकांचीही हीच कुरकुर असते. पण इटलीच्याच कायद्याने अशा दंडाच्या निम्म्या उत्पन्नाला रस्त्यांवरील पाट्या, देखरेख व सुरक्षितता यांवर खर्चाची अट घातली आहे. आणि गाय दुभती असली म्हणून दुधाचे पैसे बुडवता येत नाहीत.

अन्याय खरोखर झाला असेल तर भांडावे. आमच्या माहितीतील एका कुटुंबाचे हॉटेल टस्कनीतल्या एका शहरात या क्षेत्राच्या आत होते. हॉटेलने गाडीचा नंबर पालिकेला कळवण्याचे ई-मेलवर कबूल केले आणि कळवला नाही. त्यांनी तो ई-मेल जोडून प्रीफेक्ट या सरकारी अधिकाऱ्याकडे अपील केले. त्यासाठी साठ दिवस मिळतात. 'शांतता न्यायाधीशा'कडे जायचे असेल तरी परदेशात राहणाऱ्याला साठच. जोखीम आहे. प्रीफेक्टने अपील फेटाळले तर रक्कम निदान दुप्पट होते, आणि एकदा दंड भरला की अपिलाचा हक्क संपतो. तरीही ते कुटुंब आम्हाला सरळ वाटेने चाललेले दिसते. 'मी दोषी नाही' हे तोंडावर सांगणे आणि दार लावून गप्प बसणे यांत फार अंतर आहे.

हे सगळे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आखातात गाडी चालवणारे आपले भाऊ येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कुवेतने नियम केला की परदेशी माणसाने वाहतुकीचा थकलेला दंड भरल्याशिवाय देश सोडायचा नाही. आईच्या अंत्यविधीला निघालेला ड्रायव्हरही आधी दंड भरणार, प्रसंगी उसने घेऊन. त्याच्यावर हात पोहोचतो म्हणून तो शेवटच्या फिल्सपर्यंत भरतो. आपल्यावर हात पोहोचत नाही म्हणून युरोपची सहल करून आलेल्या आपण भरायचे नाही? मग सदसद्विवेकबुद्धी म्हणून आपण जे मिरवतो ते फक्त हवालदाराची सावली ठरेल. संत पौल रोमकरांना लिहितो ते याच्या नेमके उलट आहे. अधिकाराला मान द्यायचा तो केवळ शिक्षेच्या धाकाने नाही, विवेकबुद्धीसाठीही.

इथल्या ई-चलनाबद्दलही हेच म्हणावे लागेल. लोक अदालतीत सवलत मिळेल म्हणून वर्षानुवर्षे चलने साठवणारी सुखवस्तू घरे आम्हाला ठाऊक आहेत. चिरीमिरी देऊन सुटण्यापेक्षा ते बरे, इतकेच.

जाता जाता व्यवहाराचे थोडे. मोबाइलवर आलेल्या संदेशातील लिंकवरून कोणताही दंड भरू नका. इथल्या चलनाच्या नावानेही फसवणूक चालते. टपालाने आलेल्या कागदावर गाडीचा नंबर, जागा, तारीख, वेळ असते, ती आपल्या भाडेकराराशी ताडून पाहा. बऱ्याच पालिका कागदावरील क्रमांक टाकून कॅमेऱ्यातला फोटोही दाखवतात. इटालियन वाचता येत नसेल तर ज्यांना येते त्यांना दाखवा. रोममध्ये शिकून आलेले धर्मगुरू आपल्या भागात बरेच आहेत, त्यांना विचारायला संकोच करू नये. आणि पाकीट कोणत्या दिवशी हाती पडले ती तारीख त्याच्यावर लगेच लिहून ठेवा. पाच दिवस आणि साठ दिवस तिथूनच मोजले जातात.