बंदुकीच्या मागचं शौर्य

गाठीशी पैसा असेल तर आफ्रिकेत आजही सिंह मारता येतो. परवाना मिळतो, रायफल भाड्याने मिळते, वाट दाखवणारा मिळतो, मारलेल्या जनावराच्या कातड्यात पेंढा भरून देणारा कारागीरही मिळतो. ऊस, द्राक्षं, बेदाणा, जमिनीचे व्यवहार आणि ठेकेदारी यांतून सातारा-सांगलीच्या काही घरांत आता एवढा पैसा खेळतो आहे, की असा बेत आखणं तिथल्या पोराला अवघड राहिलेलं नाही. दुबई झाली, युरोप झाला, आता काहीतरी मर्दानी करू, ही भाषा लग्नकार्यांत, हॉटेलच्या टेबलांवर कानावर येते. बोलणारी मुलं वाईट नसतात. अंगात रग असते, हातात मोबाईल असतो आणि मोबाईलवर शिकारीच्या चित्रफिती असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्याकडे कौतुकाने बघणाऱ्या थोरल्यांसाठी तर त्याहून जास्त आहे.

या सहलीचा बेत कसा असतो ते आधी नीट पाहू, कारण चित्रफितीत शेवटची दोन मिनिटं तेवढी दिसतात. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो नावाचा तिथला रानरेडा ही ‘धोकादायक’ गटातली जनावरं. प्रत्येकाचा दर ठरलेला असतो. दिवसाचा आकार वेगळा, जनावराची फी वेगळी. रानरेड्यासाठी साधारण आठ-दहा दिवस, हत्ती किंवा सिंहासाठी दोन ते तीन आठवडे. गोळी लागून जनावर जखमी झालं आणि निसटलं, तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण फी भरावी लागते. रक्ताचा थेंब पडला की बिल फाडलं जातं. बरोबर एक परवानाधारक धंदेवाईक शिकारी असतो, गिऱ्हाइकाचा जीव सांभाळणं हे त्याचं काम. त्याच्या पुढे माग काढणारे स्थानिक लोक चालतात. वाकलेलं गवत, ओली लीद, खुराची ताजी कड पाहून कळप कुठे बसला असेल हे ते सांगतात. बिबट्यासाठी झाडाच्या फांदीला मांस टांगतात आणि वाऱ्याची दिशा पाहून समोर आडोसा उभारतात. वेळ आली की तीन पायांच्या काठ्यांचा टेकू गिऱ्हाइकापुढे रोवला जातो, त्यावर रायफल ठेवली जाते, कुठलं जनावर आणि नेम कुठे हे कानात सांगितलं जातं. पाटावर बसवून ताट वाढावं तसं. उरतं ते बोट दाबणं. नेम चुकला तर दुसरा बार धंदेवाईक शिकारी काढतो, आणि जखमी रेडा झुडपात शिरला तर त्याच्या मागे तो आणि मजुरीवरचा माग काढणारा जातात.

धोका खोटा नाही. रानरेड्याने आणि हत्तीने माणसं मारलेली आहेत. पण त्या धोक्याची वाटणी कशी होते ते बघा. ज्ञान माग काढणाऱ्याचं, जबाबदारी धंदेवाईकाची, आणि फोटो गिऱ्हाइकाचा.

2015 च्या जुलैत झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता. अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने त्याला बाण मारला, सिंह जखमी होऊन कित्येक तास जिवंत राहिला आणि मग संपवला गेला. जगभर संताप उसळला तो याच प्रकरणात, पण माझ्या मते त्याहून वाईट प्रकार दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षं चालला. तिथे हजारो सिंह पिंजऱ्यात पैदा केले गेले. लहान असताना पर्यटकांनी त्यांना मांडीवर घेऊन दूध पाजायचं, मोठे झाले की कुंपणाच्या आत सोडून दुसऱ्या पर्यटकाने गोळी घालायची, आणि हाडं आग्नेय आशियात विकायची. 2021 मध्ये तिथल्या सरकारनेच हा धंदा संपवण्याचं धोरण जाहीर केलं. माणसाच्या हातून दूध प्यालेलं जनावर माणूस दिसला की पळत नाही. त्याला मारण्यात काय पराक्रम आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

याच्या विरुद्ध बाजूचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नामिबियात 1996 च्या कायद्यानंतर गावांना आपापल्या सामूहिक क्षेत्रातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला. अशी ऐंशीहून अधिक सामूहिक क्षेत्रं आज तिथे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मोजक्या शिकारीचा पैसा आणि मांस गावाला मिळतं. बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आहेत. तिथे 2014 मध्ये शिकार बंद झाली आणि 2019 मध्ये पुन्हा सुरू झाली, कारण हत्ती ज्यांची शेतं तुडवतात त्यांनी सरकारला धारेवर धरलं. उलट केनियाने 1977 पासून शिकार बंद ठेवली आहे आणि जंगल बघायला येणाऱ्यांच्या पैशावर भर दिला आहे. यातला कोणता रस्ता बरोबर, हे त्या त्या देशाच्या माणसांनी ठरवायचं. पाटणच्या डोंगरात गव्यांनी भात खाल्लं की आपण वनखात्याच्या नावाने किती बोटं मोडतो, ते आठवावं. हत्तीशेजारी राहणाऱ्याला आपण इथून उपदेश करणं मला पटत नाही.

पण इथून जाणारा कोणी नामिबियातल्या गावाच्या कळवळ्याने जात नाही. कळवळा असता तर बंदूक न चालवताही पैसे देता आले असते. तो जातो मारायला, आणि परत येऊन ते दाखवायला. तेव्हा प्रश्न आफ्रिकेच्या धोरणाचा नाही. आपण कशाला शौर्य म्हणतो आणि कोणाला हार घालतो, हा आपला घरचा प्रश्न आहे.

शिकार आपल्याकडे राजेरजवाड्यांचा षोक होता, हे नाकारायचं कारण नाही. थोरले शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन होते. पण साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णाकाठी जाऊन पाहा, त्या शिकारीतलं लोकांनी काय जपलं आहे. महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा याने महाराजांना वाचवलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मारलेल्या वाघांची मोजदाद आज कोणाला ठाऊक नाही. धन्याचा जीव वाचवणारा कुत्रा मात्र तीनशे वर्षांच्या आसपास लोकांच्या तोंडी आहे.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानाची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. तिथे काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेतून आणले गेले. म्हणजे मारण्याच्या खेळासाठी आफ्रिका आपल्या दारी आणण्याइतका हा षोक पुढे गेला होता. 1947 मध्ये आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले, भारतात मारल्या गेलेल्या चित्त्यांपैकी ते अखेरचे मानले जातात. 1952 मध्ये हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडावे लागले. एका षोकाची भरपाई करायला सत्तर वर्षं गेली, आणि ती अजून पुरी झालेली नाही.

आता मला सगळ्यांत जास्त टोचणारी गोष्ट. फासे पारधी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तित्तर, लावा, ससा फाशात धरणं हे त्यांचं पोट होतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची रीत सुरू केली, 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचं पोट भरण्याचं साधनही गुन्हा झालं. कायदा हवाच होता. तो नसता तर आपल्या माळावर चिंकारा आणि लांडगा औषधालाही उरला नसता. पण ज्यांच्याकडून फासे काढून घेतले त्यांच्या हातात आपण दुसरं काय दिलं? गावात चोरी झाली की आजही पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते. पालापाशी सशाचं कातडं सापडलं तर तो आरोपी. आणि त्याच गावचा बागायतदार परदेशात सिंह मारून आला तर त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सिंहाशेजारी त्याचा फोटो. एकाने भुकेपोटी मारलं, दुसऱ्याने हौसेपोटी. दोघांच्या कृत्याला आपण लावलेली मापं इतकी उलटी आहेत, की कायदा काय म्हणतो हे क्षणभर बाजूला ठेवून आपली लाज तपासावी लागेल.

‘कायदेशीर आहे ना, मग चूक काय?’ असं विचारणाऱ्याला माझं उत्तर हेच आहे. इथे पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद होते. विमानाने काही तास उडाल्यावर त्याच जातीच्या कृत्याची पावती मिळते. देश बदलला की पावती बदलते. बोट दाबणाऱ्याचं मन बदलत नाही. ते मन इथे परत येतं, आणि मग कोयनेच्या खोऱ्यात रात्री ठासणीच्या बंदुकीचा बार झाला, तर त्याला बोलायला आपल्याकडे तोंड उरत नाही.

तोंड उरलं पाहिजे, कारण या भागाने वाघासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या जंगलातल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरं, देवळं, वहिवाटीची रानं सोडली. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी त्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ठिय्ये दिले. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातली वाघीण चांदोलीत आणून सोडली गेली, ती या लोकांनी मोकळ्या केलेल्या रानात. ज्यांनी घर दिलं त्यांचा सत्कार आपल्या कोणत्या चौकात झाला?

धाडस बघायचंच असेल तर उसाच्या फडात जावं. हंगामात तोड चालू असते, कोयता सपासप चालत असतो, आणि पाचटाखाली बिबट्याची पिल्लं दिसतात. डोळे जेमतेम उघडलेली, मांजराएवढी. कोणीतरी ओरडतं, टोळी मागे सरते. आई जवळपासच्या सरीत असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कऱ्हाडच्या बाजूला असे प्रसंग अनेकदा आलेत. वनखात्याची माणसं येतात, तोड थांबवली जाते, पिल्लं तपासून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब जाऊन थांबतात. रात्री मादी येते, क्रेट कलंडवते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. त्या रात्री काही अंतरावर, कोपीत, ऊसतोड कामगारांची लेकरं झोपलेली असतात. या लेकरांवर हल्ले झालेले आहेत, हे विसरून चालणार नाही. तरी बहुतेक वेळा ती टोळी पिल्लांना हात लावत नाही आणि सकाळी दुसऱ्या सरीला लागते. दिवसाची मजुरी बुडवून हे धाडस करणाऱ्यांचे फोटो कुठे लागत नाहीत.

आणि मर्दानगीचं माप आपल्याला आफ्रिकेकडून घ्यायची गरजच काय? 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा परशुराम घार्गे तिरंगा हातात घेऊन गोळ्यांना सामोरे गेले. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे पोलीस तुकाराम ओंबळे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत हातात लाठी घेऊन गेले आणि अतिरेक्याच्या रायफलीची नळी त्यांनी अंगावर गोळ्या झेलत सोडली नाही. या मातीने ज्यांना थोर म्हटलं ते बंदुकीच्या समोर उभे होते.

आटपाडीकडच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकारीचे शौकीन होते. पुढे तोच माणूस नागझिऱ्याच्या रानात वही-पेन्सिल घेऊन बसला, आणि वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रानात जाण्याची ओढ, पायपीट, माग काढण्याचं कसब यांतलं काहीच त्यांना टाकावं लागलं नाही. म्हणून मी तरुणांना रान सोडा असं म्हणत नाही, उलट जास्त जा म्हणतो. माग काढायला शिकायचं तर पारध्याच्या म्हाताऱ्यांपाशी बसा आणि त्या शिकण्याचे त्यांना रीतसर पैसे द्या.

देवराष्ट्रेजवळच्या बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला आणि सागरेश्वरचं अभयारण्य उभं राहिलं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं हे रान, माणसांनी लावलेलं. तिथली हरणं आज कुंपणाबाहेर येऊन भोवतालच्या शेतकऱ्यांची पिकं खातात. तो शेतकरी रात्र रात्र राखण करतो आणि नुकसानभरपाईसाठी हेलपाटे मारतो. आफ्रिकेच्या एका शिकारीचा खर्च लाखांच्या घरात जातो. तेवढ्यात तिथल्या कितीतरी बांधांना मजबूत कुंपण होईल, उन्हाळ्यात पाणवठ्यांवर टँकर जातील, एखाद्या पारधी वस्तीतल्या पोरांचं वसतिगृह वर्षभर चालेल. ज्या घरात असा बेत शिजतो आहे, तिथल्या आजोबांनी आणि आईने मुलाला समोर बसवून हा हिशेब मांडावा. आणि तो तरीही गेलाच, तर परत आल्यावर त्याचा सत्कार ठेवायला ग्रामपंचायतीने जागा देऊ नये.