उकिरड्यावरची पिसं

आमच्या कोंबड्यांनी शेजारच्या काकींचा मेथीचा वाफा उकरला आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. आठवड्याभरात आमची तांबडी कोंबडी संध्याकाळी डालग्याखाली आलीच नाही. "काकींच्या उकिरड्यावर पिसं दिसली," मी आईला सांगितलं. पिसं खरीच होती. पण पिसं कुणाच्या उकिरड्यावर नसतात? आई गल्लीत उभी राहून ओरडली, "खाल्ली गं माझी कोंबडी!" काकींनी मुकाट दार लावलं.

अंड्यांवर कोंबडी 21 दिवस बसते. तेवढे दिवस भरले आणि ती काकींच्या कडब्याच्या गंजीमागनं नऊ पिल्लं घेऊन बाहेर आली. तिथं पाण्याची करवंटी होती, मूठभर कण्याही.

"मग सांगायचं न्हाई व्हय?" आई ओशाळून म्हणाली.

"बोलणं कुठं हुतं आपलं?"

मेथीपायी आईनं चार पिल्लं दिली. मेथीचा हिशोब मिटला. आळाचा कसा मिटावा? मी खोटं बोललो नव्हतो, यावर मी बरीच वर्षं निभावलं. पण दिसलं तेवढंच सांगूनही माणूस दुसऱ्याला चोर ठरवू शकतो. पिसांची बातमी कुणी दिली, हे काकींनी कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.