कादंबरीतले नाव आणि बापाचे नाव

मूल जन्मले की सातव्या दिवशी अकीका करावा, जावळ काढावे आणि नाव ठेवावे, ही सुन्नत आपल्या घराघरांत माहीत आहे. बोकडाचे वय किती असावे, मांसाचे वाटे कसे करावेत, आजी-आजोबांनी ते मांस खावे की नाही, असे प्रश्न घेऊन लोक मशिदीत आवर्जून येतात. (खावे, खुशाल खावे.) नावाविषयी मात्र येतात ते नाव पक्के झाल्यावर, इमामाने मान डोलवावी एवढ्यासाठी. बोकड एका दिवसात संपतो. नाव मात्र जन्मभर सोबत राहते आणि त्यापुढेही जाते.

सुनन अबू दाऊदमध्ये ह. अबू दर्दा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. अंतिम दिनी माणसांना त्यांच्या व त्यांच्या वडिलांच्या नावांनी पुकारले जाईल, म्हणून नावे चांगली ठेवावीत, असा तिचा आशय. तिच्या सनदेत खंड असल्याचे हदीसशास्त्राच्या विद्वानांनी नोंदवले आहे, हे सांगितलेच पाहिजे. परंतु वडिलांच्या नावानिशी पुकारले जाण्याची गोष्ट सहीह बुखारीत ह. इब्ने उमर (रजि.) यांच्या हदीसमध्येही येते. त्या दिवशी विश्वासघातक्याचा ध्वज उभारला जाईल आणि हा अमक्याचा मुलगा अमका याचा विश्वासघात, अशी घोषणा होईल, असे तिच्यात सांगितले आहे. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव ही जोडी वाचकांनी या लेखात शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी.

गेल्या काही वर्षांत आपल्या नावांत दोन गोष्टी ठळकपणे दिसू लागल्या आहेत. एक म्हणजे कथा-कादंबऱ्या, दीर्घ मालिका यांतील नायक-नायिकांची नावे. दुसरी म्हणजे एकाच बाळाला दोन, तीन, क्वचित चार नावे जोडून देणे. बहुतेकदा या दोन्ही गोष्टी एकाच पाळण्यात भेटतात.

साहित्यातून आलेले नाव म्हटले की काही मंडळी तत्काळ नापसंती दर्शवतात. त्यांनी आपल्याच घरातील जुलेखा आजीकडे पाहावे. कोकणात हे नाव किती रुळलेले आहे! पण सूरह यूसुफमध्ये ते नाव नाही. तेथे ती केवळ अजीजची पत्नी आहे. संपूर्ण कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली स्त्री एकच, ह. मरयम (अ.). जुलेखा हे नाव कथाकारांच्या आणि भाष्यकारांच्या परंपरेतून आले आणि पंधराव्या शतकात मौलाना जामी यांच्या ‘यूसुफ-ओ-जुलेखा’ या फारसी काव्याने ते दूरवर पोचवले. रुस्तम, सोहराब, तहमिना ही नावे फिरदौसीच्या शाहनाम्यातली. म्हणजे साहित्यातून नाव घेणे ही आजच्या पिढीने काढलेली टूम नव्हे. पणजोबांनीही ते केले आहे.

नाव अरबीच असले पाहिजे, असाही शरीअतचा आग्रह नाही. अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे आहेत, असे सहीह मुस्लिममध्ये आहे आणि त्यांचा मान निःसंशय मोठा आहे. परंतु इजिप्तहून आलेल्या ह. मारिया किब्तिया (रजि.) यांचे नाव प्रेषितांनी बदलले नाही. मदरशातील अरबीनंतर मी महाविद्यालयात मराठी साहित्य शिकलो, तेव्हा एका शब्दाने मला फार आनंद दिला होता : समीर. संस्कृतात तो वारा, अरबीत तो रात्री गप्पागोष्टींना सोबत करणारा मित्र. गावाच्या दोन्ही आळ्यांत एकच नाव, आणि दोन्हीकडे अर्थ चांगला. जे नाव अल्लाहखेरीज अन्य कुणाचे दास्य सांगत नाही, अन्य धर्माच्या उपासनेची खूण वागवत नाही आणि ज्याचा अर्थ स्वच्छ आहे, ते कोणत्याही भाषेतले असो, त्याला हरकत नाही.

हरकत येते ती नाव आपल्यापर्यंत पोचताना वाटेत जे झाकले जाते त्यामुळे. परवेज हे नाव घ्या. निजामी गंजवी यांनी बाराव्या शतकात खुसरो आणि शिरीन यांची प्रेमकथा लिहिली, तिचा नायक खुसरो परवेज हा इराणचा सासानी सम्राट. काव्यात तो रसिक, शूर, प्रेमाने होरपळलेला. इतिहासात मात्र हाच तो किसरा, ज्याच्याकडे ह. अब्दुल्लाह बिन हुजाफा (रजि.) प्रेषितांचे पत्र घेऊन गेले आणि ज्याने ते पत्र फाडून टाकले. प्रेषितांना हे कळल्यावर त्यांनी त्या लोकांचे तुकडे तुकडे व्हावेत अशी प्रार्थना केली. कवीने नायक केला म्हणून आपण त्याचे नाव पाळण्यात म्हणतो, ते बहुधा या घटनेची माहिती नसताना.

इरमचे तसेच. फारसी-उर्दू काव्यात ‘बाग-ए-इरम’ म्हणजे सौंदर्याची परिसीमा; म्हणून आपण मुलीला ते नाव देतो. कुरआनात सूरह फज्रमध्ये इरम येते ते आद लोकांच्या संदर्भात, ज्यांचे उंच स्तंभ त्यांना अल्लाहच्या प्रकोपापासून वाचवू शकले नाहीत. याउलट लैला. या नावाला प्रेमकथेमुळे नाक मुरडणारे पुष्कळ, परंतु नाव कथेहून जुने आहे. हबशाला हिजरत करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत ह. लैला बिन्ते अबी हस्मा (रजि.) होत्या. आणि तिच्या प्रियकराचे मूळ नाव कैस, तेही उत्तम. ‘मजनू’ म्हणजे वेड लागलेला. ते लोकांनी मागाहून चिकटवले, आई-बापाने ठेवलेले नव्हे.

प्रेषितांनी लोकांची नावे बदलली, ती अर्थ पाहूनच. एका मुलीचे नाव ‘आज्ञा मोडणारी’ अशा अर्थाचे होते, ते बदलून त्यांनी जमीला ठेवले. ह. जैनब (रजि.) यांचे आधीचे नाव बर्रा, म्हणजे पुण्यशील, त्यात स्वतःच्या पावित्र्याची ग्वाही होते म्हणून तेही बदलले. यातील पहिले नाव देवनागरीत लिहून पाहा : आसिया. फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे नावही देवनागरीत आसियाच. अरबीत दोघींची अक्षरे वेगळी, अर्थ वेगळे. एक जन्नतची शुभवार्ता मिळालेली, दुसरी अवज्ञा करणारी. ‘अलीम’चे एक लेखन सर्वज्ञ असा अर्थ देते, तर दुसरे वेदनादायक. ‘जलील’मध्ये एका अक्षराने थोर माणूस हीन होतो. आपल्या लिपीत हे फरक मावत नाहीत, हा लिपीचा दोष नाही. परंतु मोबाइलवरच्या याद्यांतून नाव उचलताना ते मूळ अक्षरांत कसे लिहितात, हे विचारून घ्यावे. त्या याद्यांत तर निम्म्या नावांचा अर्थ ‘अल्लाहची देणगी’ असाच दिलेला असतो!

मध्यंतरी एक तरुण दांपत्य माझ्याकडे आले. मुलगी पाच दिवसांची. आईने उमेरा अहमद यांची ‘पीर-ए-कामिल’ ही उर्दू कादंबरी वाचलेली, तिच्या नायिकेचे ‘इमामा’ हे नाव तिच्या मनात बसलेले. सासूबाईंना आपल्या दिवंगत आईचे नाव हवे होते. फुफीने आणखी एक सुचवले होते, आणि फुफी दुबईहून बाळासाठी सोन्याचे कानातले पाठवणार होती. तेव्हा तिन्ही नावे ओळीने ठेवायची, असा तोडगा निघालेला. मी त्यांना कादंबरीतले नाव उर्दूत लिहायला सांगितले. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. पहिल्या अक्षराखाली जेर न मानता वर पेश वाचला, की तीच अक्षरे ‘उमामा’ होतात. ह. उमामा (रजि.) या प्रेषितांच्या नात, ह. जैनब यांची मुलगी. नमाज पढवताना प्रेषितांनी त्यांना अंगावर घेतले होते. सजद्याला जाताना खाली ठेवीत, उठताना पुन्हा उचलून घेत, असे बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. आईचा चेहरा उजळला. सासूबाईंनी मात्र विचारले, “मौलाना, मग माझ्या आईचं काय?”

प्रश्न रास्त होता. वडीलधाऱ्यांचे नाव पुढे चालवणे ही सुन्नतशी जुळणारी भावना आहे; प्रेषितांनी स्वतः आपल्या पुत्राचे नाव आपले पूर्वज ह. इब्राहीम (अ.) यांच्यावरून ठेवले. आणि एकाहून अधिक नावे ठेवणे निषिद्धही नाही. प्रेषितांनी आपली पाच नावे सांगितली आहेत, मुहम्मद व अहमद धरून. ह. अली (रजि.) यांना सर्वांत आवडे ते ‘अबू तुराब’ हे संबोधन. इब्ने कय्यिम (रह.) यांनी नवजात बालकांच्या नियमांवरील आपल्या ग्रंथात हा प्रश्न घेतला आहे. अनेक नावे ठेवता येतात. परंतु नावाचे प्रयोजन ओळख हे आहे आणि ती एका नावाने साधते, म्हणून एकावर थांबणे बरे, असा त्यांचा निर्वाळा आहे.

आपल्या महाराष्ट्रात याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इतर देशांत मधले नाव म्हणजे बाळाचेच दुसरे नाव असू शकते. आपल्याकडे मधली जागा वडिलांची आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव : अरब ज्याला नसब म्हणतात आणि ‘बिन’ किंवा ‘बिन्ते’ने जोडतात, तेच मराठी माणूस काहीही न जोडता लिहितो. ह. जैद बिन हारिसा (रजि.) यांना प्रेषितांनी मुलाप्रमाणे वाढवले, लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. सूरह अहजाबची पाचवी आयत अवतरली, मुलांना त्यांच्या बापांच्या नावाने पुकारण्याचा आदेश आला आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेषितांशी जोडलेले नाव सोडण्याहून मोठा त्याग नावाच्या बाबतीत कोणता असेल? तरीही बापाची जागा बापालाच मिळाली.

आता ‘मुहम्मद सालार’ असे जोडनाव असलेला मुलगा शाळेत जातो. गुरुजी हजेरीत दुसरा शब्द वडिलांचा समजतात. एका दाखल्यावर वडील सालार, दुसऱ्यावर खरे वडील, तिसऱ्यावर ‘मो.’ एवढेच. (प्रेषितांचे नाव बरकतीसाठी ठेवायचे आणि त्याचे दीड अक्षर करायचे, हे मला कधीच रुचले नाही.) पुढे पासपोर्ट काढताना, किंवा वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसनोंद करताना, हा अमक्याचाच मुलगा हे प्रतिज्ञापत्राने सिद्ध करावे लागते. जोडनाव ठेवणारा पाप करतो, असे मी म्हणत नाही; जाणूनबुजून दुसऱ्याला बाप म्हणण्याची निषेधवचने याला लागू होत नाहीत. पण शरीअतने जी ओळख इतक्या काळजीने राखली, ती आपण हौसेपायी धूसर करतो, एवढे खरे.

शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नोंदीत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. काहींनी मला विचारले, आईचे नाव लावणे शरीअतविरुद्ध नाही ना? वडिलांचे नाव कायम असताना आईचे नाव सोबत येण्यात काहीच आक्षेपार्ह नाही. ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) हे ज्येष्ठ सहाबी आईच्या ओळखीनेच इतिहासात आहेत, ह. अली यांचे पुत्र मुहम्मद बिन हनफिया हेही. मात्र चार शब्द आता मुळातच झाले. त्यात बाळाची तीन नावे घातली तर सहा होतील, आणि त्यांतले बाप कोण, आई कोण, हे शोधण्याचे काम कारकुनाकडे जाईल.

सासूबाईंना मी हेच सांगितले. तीन नावांची ओळ म्हणजे घरातल्या वादाचा तहनामा, आणि तो सांभाळायचा पाच दिवसांच्या मुलीने. आपल्या आईच्या नावाने एखाद्या मदरशाला कुरआनच्या प्रती द्या, विहिरीवर पंप बसवा. त्याचा सवाब तिला पोचेल. घरात नातीला त्या नावाने हाक मारायची असेल तर मारा, लाडाच्या हाकेला कुणाची मनाई आहे? ह. अनस (रजि.) यांच्या चिमुकल्या भावाला प्रेषित ‘अबू उमैर’ म्हणत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. फुफीला कोण सांगणार, एवढाच प्रश्न मग उरला, आणि तो माझ्या अखत्यारीतला नव्हता.

ज्यांची नावे आधीच ठेवली गेली आहेत त्यांनी घाबरू नये. अर्थ उघड वाईट असेल, शिर्क किंवा अवज्ञा सांगणारा असेल, तर बदलणे आवश्यक. परवेज व इरम यांना नव्याने ठेवताना टाळावे, परंतु चाळीस वर्षांच्या परवेजभाईंनी राजपत्राचा खटाटोप करावा, असे मी सुचवणार नाही. सईद बिन मुसय्यब (रह.) यांच्या आजोबांचे नाव हज्न, म्हणजे खडबडीत. प्रेषितांनी ‘सहल’, म्हणजे सुगम, असे नाव सुचवले. बापाने ठेवलेले नाव बदलणार नाही, असे आजोबा म्हणाले. तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात पुढेही राहिला, असे नातू सांगत असे.

नोंदणीची घाई मात्र कुणी करू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण नाव त्यात मागाहूनही घालता येते, पहिल्या १२ महिन्यांत शुल्काशिवाय. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधार धरला जातो, तेव्हा तेथे लिहिलेले अक्षर पुढे प्रत्येक कागदावर उतरेल. म्हणून सातव्या दिवशी नाव ठरवा, ते उर्दूत लिहून आपल्या मशिदीच्या इमामांना दाखवा, मगच नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत जा. अर्जात बाळाच्या नावाच्या रकान्यात एकच शब्द लिहा, आणि वडिलांच्या रकान्यात वडिलांचे नाव त्यांच्या आधारकार्डावर जसे आहे तसेच, काना-मात्रेसह.