कौलाला व्हिप नसतो

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची चाल जुनी आहे. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, पुजाऱ्याने गाऱ्हाणे घालायचे आणि पाकळी उजवी पडते की डावी याकडे डोळे लावून बसायचे. उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. मधले उत्तर नाही. म्हणून जाणती माणसे उत्तराइतकीच प्रश्न कसा घातला यालाही जपतात.

लोकशाहीतही कधी कधी जनतेला असाच कौल लावावा लागतो. एखादा प्रश्न थेट लोकांपुढे येतो, आणि मग प्रत्येक पक्षाला, त्याच्या गावोगावच्या शाखेला, होय की नाही ते ठरवावे लागते. शाखेने ठरवले, पण एखाद्या सभासदाला ते पटले नाही, तर त्याने काय करावे? मागे दहावीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना एका मुलीने मला हेच निराळ्या शब्दांत विचारले होते. ‘‘सर, आमच्या गल्लीत पंचमंडळींची बैठक होते आणि मत कुणाला द्यायचे ते ठरते. घरातल्या एखाद्याला पटले नाही तर तो गद्दार होतो का?’’ प्रश्न पाठ्यपुस्तकातला नव्हता, पण नागरिकशास्त्राचा गाभा त्यातच होता.

त्याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. चोर्ला घाट उतरला की गोवा. तेथे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची खूण दोन पाने. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष फुलाच्या बाजूने, तर जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष दोन पानांच्या बाजूने उभा राहिला. सत्तेच्या सावलीत मतदान होऊ नये म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

पक्षाने भूमिका घेऊ नये असे मी म्हणणार नाही. शेतात राबणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या माणसाला विलीनीकरणाचा प्रत्येक कंगोरा एकट्याने तपासणे जमणारे नसते. ज्यांच्यावर त्याचा विश्वास आहे त्यांनी विचार करून सल्ला द्यावा, यात गैर काही नाही. भूमिकाच न घेणारा पक्ष अनुयायांना अंधारात सोडतो. पण सल्ला आणि आज्ञा यांत अंतर आहे. ते पुसले गेले की अधर्म सुरू होतो.

पहिली गोष्ट अशी की, दोन खुणांत साऱ्या जनतेचे मन मावत नाही. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत कोकणीचा अभिमानी होता, वेगळेपण जपू पाहणारा होता आणि पुढेमागे गोवा स्वतंत्र राज्य व्हावे असे वाटणाराही होता. मतपत्रिकेवर नसलेली ती तिसरी वाट ३० मे १९८७ रोजी घटकराज्याच्या रूपाने खुली झालीच. फुलावर शिक्का मारणाऱ्यांतही कुणाला मराठीची ओढ होती, तर कुणाला बहुजनांचे सरकार बळकट करायचे होते. शिक्का एक, कारणे अनेक. तेव्हा एका शिक्क्यावरून कुणाच्या निष्ठेचा निकाल लावणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून पोथीचा अर्थ सांगण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी मनाला अधिक टोचणारी आहे. विलीनीकरणाविरुद्ध धारदार प्रचार करणाऱ्यांत ‘राष्ट्रमत’ हे दैनिक अग्रभागी होते, आणि ते मराठी दैनिक होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. मराठीत विचार करून, मराठीत युक्तिवाद करून, मराठी वाचकाला सांगितले गेले की महाराष्ट्रात जाऊ नका. ते पटो न पटो, त्या माणसांना मराठीचे वैरी म्हणता येणार नाही. भाषेवरचे प्रेम आणि सीमेबद्दलचे मत बहुधा हातात हात घालून चालतात, पण ती एकच गोष्ट नव्हे.

आपल्या सीमाभागाच्या वाट्याला असा कौल आलाच नाही. आपल्याला महाजन आयोग मिळाला, त्याचा १९६७ चा अहवाल मिळाला, आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. थेट प्रश्न कुणी विचारलाच नाही, म्हणून आपल्या माणसांनी प्रत्येक निवडणुकीलाच कौल मानले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले, ते आपला प्रश्न देशाच्या कानावर घालण्याच्या तळमळीतून. त्या तळमळीपुढे मी नतमस्तक आहे. पण तिचीच दुसरी बाजू अशी की, प्रत्येक मत निष्ठेची परीक्षा ठरू लागले. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, उसाच्या दरासाठी कुणी वेगळे मत दिले की त्याच्या दाराशी ‘गद्दार’ हा शब्द येऊन उभा राहतो.

आपल्या कायद्याने येथे एक रेषा आखली आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदार पक्षाच्या व्हिपला बांधले गेले, कारण ते पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. मतदाराला मात्र व्हिप नाही. त्याला दिली आहे ती गुप्तता. आडोशामागची ती अर्धी घटका पक्षाची नाही, गल्लीची नाही, घरातल्या कर्त्या पुरुषाचीही नाही. मी त्या मुलीला सांगितले, ‘‘बैठकीला जा, ऐक, तुझे म्हणणे मांड. पंचांचा मान राख. पण मत देताना तू एकटी असतेस, आणि त्याचा जाब तुझ्या मनालाच द्यायचा असतो.’’

सभासदावरही एक बंधन आहे. न पटलेली गोष्ट त्याने बैठकीत तोंडावर सांगावी. तेथे मान डोलवायची आणि बाहेर येऊन कुजबुजायचे, ही स्वतंत्र बुद्धी नव्हे. शाखेनेही बहुमताचा ठराव लिहिताना त्याच पानावर अल्पमताची कारणे नोंदवावीत. हरलेल्याचे म्हणणे इतिवृत्तात राहिले तर तो उद्याही बैठकीला येतो.

याचा दाखलाही गोव्यानेच दिला आहे. कौलात हरलेला मगो पक्ष संपायला हवा होता. पण मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्याला पुन्हा सत्तेवर बसवले आणि एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत ज्यांचा सल्ला नाकारला, त्यांच्याच हाती मार्चमध्ये कारभार दिला. मतदाराने नेत्याला ‘या बाबतीत नाही’ एवढेच सांगितले होते, ‘तू आमचा नाहीस’ असे नव्हे. आणि नेत्यानेही नकार देणाऱ्यांकडे पुन्हा मत मागायला जाण्यात कमीपणा मानला नाही. इतका समंजसपणा आपल्या गल्लीतल्या बैठकीत आला, तर आपली एकी आजच्यापेक्षा दुबळी नव्हे, बळकटच होईल.